हातचा एक

हाप्सालूला फेब्रुवारीत समुद्राचा आवाज येत नाही.
बोरूचं बन गोठून उभं असतं, पिवळं,
आणि त्यापुढे जे पांढरं सुरू होतं
त्यात जमीन कुठे संपली
हे इथे जन्मलेल्यांनाही नीट सांगता येत नाही.

वाइके लेम्बर, वय चौऱ्याहत्तर.
एकेचाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलं,
मलाही. मी कच्ची होते.
आता औषधाच्या दुकानातून तिला रक्तदाबाच्या गोळ्या देते
आणि गुरुवारी तिच्या स्वयंपाकघरात
लोकरीची लड दोन्ही हातांवर धरून बसते.

"परत तेच," ती म्हणते, चष्मा पुसत.
हेइनो बर्फावरून बेटाकडे निघालाय,
चौदा वर्षांचा, बापाचे बूट घालून,
पावलं मोठ्याने मोजत.
आणि बर्फ त्याला पेलतो तो फक्त मूळ संख्यांवर:
दोन, तीन, पाच, सात,
मग अकरावर उडी.
बाकी सगळं पाणी.

(खरं काय झालं ते एकदाच बोलली होती.
मार्च होता. घसरगाडी सापडली,
तिच्यावरचा दुधाचा कॅन न सांडलेला.)

म्हणून ही शाल.
प्रत्येक संख्येला एक घर.
मूळ असेल तर बोंड, नसेल तर भोक.
ओळ संपली तरी मोजणी संपत नाही,
पुढची ओळ मागच्या ओळीचा आकडा घेऊनच सुरू होते.
भोक पाडलं की शेजारच्या दोन टाक्यांचा एक करायचा,
नाहीतर शाल पसरत जाते.
"भोकही मोजायचं असतं, मारिट," ती मला म्हणाली,
"तू शाळेत शून्य लिहायला विसरायचीस, तसं करू नकोस."

एल्फ्रीडेने शाल खिडकीपाशी धरून पाहिली.
पन्नास वर्षं ती घंटीच्या फुलांची नक्षी विणते,
डोळे मिटून.
"नक्षी फिरून यायला हवी.
फिरून येत नाही ती नक्षी कसली? ती चूक."
"चूक फिरून येते, एल्फ्रीडे.
हे येत नाही."

एकशे तेरावर मात्र सुया थांबल्या.
तिसावं बोंड.
स्वप्नात तो तिथेच उभा राहायचा, एका पायावर,
आणि तिला जाग यायची.
पुढची जागा एकदम एकशे सत्तावीस.
मध्ये तेरा भोकं, सलग.
महिनाभर शाल टोपलीत पडून राहिली,
वर राईच्या पावाचा चुरा.

त्या गुरुवारी मीच बोलले, उगाच, लड सोडवता सोडवता.
"बाई, तुम्ही शिकवलं होतं ना,
शेवटची मूळ संख्या नसतेच?"
"कशावरून?"
आणि मी पुन्हा तेरा वर्षांची, फळ्यापुढे,
खडू घामाने ओला.
"आहेत तेवढ्या सगळ्या एकमेकींत गुणायच्या.
वर एक मिळवायचा.
मग जुन्यांपैकी कुणीही भागून बघा,
दरवेळी एक उरतो.
म्हणजे कुणीतरी नवं असतंच, पुढे."
"कुठे पुढे?"
"ते नाही सांगता येत.
पण असतं."

चहा निवत गेला.
बाहेर कुणीतरी पायरीवरचा बर्फ खरवडत होतं.
"तो एक," ती हळूच म्हणाली.
"साठ-पासष्ट वर्षं हातचा धरून ठेवलाय मी.
मिळवायचा राहूनच गेला."
मग टोपली ओढली, चुरा झटकला
आणि माझ्याकडे न बघता
तेरा भोकं पाडली.

पुढच्या आठवड्यात विचारलं, काय झालं स्वप्नाचं?
"पोचला. बूट काढून पाणी ओतलं त्यातलं.
आता एकशे एकतीस, चारच पावलं."
असं म्हणाली, जशी गृहपाठ तपासताना म्हणायची.

आमच्याकडे शाल अंगठीतून ओढून बघतात,
आरपार गेली तर खरी.
एल्फ्रीडेने बोटातली अंगठी काढली,
साबण लावून, कुरकुरत.
भोकं सरसर निघाली, पाण्यासारखी.
अडकलं ते त्यानंतरचं बोंड.
तिने चिमटीत धरून जोर लावला.

"ओढू नकोस," वाइके म्हणाली.
"राहू दे त्याला उभा जरा."